हिरड्याला टांगलेला फोन

आमच्याकडे पिंपळवंडीला विहिरीत माणूस उतरायचा असला की आधी फ्यूज काढतात. मोटर तीन फेजची, म्हणून पांढऱ्या चिनी मातीचे तीन फ्यूज. ते खिशात नाही ठेवायचे, काठावर नाही ठेवायचे, वर थांबणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचे. आमच्या घरात ते सासूबाईंच्या पदरात जायचे. पदराला गाठ मारून त्या विहिरीच्या काठावर बसायच्या आणि खालचा माणूस वर येऊन कपडे पिळेपर्यंत उठायच्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला हे लई गमतीचं वाटायचं. एकदा म्हणाले, आई, मी धरते, तुम्ही चहा घेऊन या. तर म्हणाल्या, "चहा कुठं पळून चाललाय? खाली माझा ल्योक हाय."

पाण्यात करंट उतरला की माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. त्यांच्या माहेरी तसं एक मरण झालं होतं आणि त्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत.

मग माझी कंपनी आली आणि ही रीत मोडली. कोणी ठरवून मोडली नाही, आपसूक ढिली पडली. आमची कंपनी शेतकऱ्याची मोटर फोनवरून चालू-बंद करायची पेटी बनवते. इकडं तिला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, आणि रात्री पाणी द्यायला जायचं तर उसात बिबट्या. माणसं बॅटरी-काठी घेऊन, फोनवर मोठ्यानं गाणी लावून जोडीनं जायची, तरी जीव मुठीत. म्हणून पेटी यायच्या आधीही लोक मोटर ऑटोवर टाकायचे. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू, माणूस घरात गोधडीत. भीतीपोटी केलेली सोय ती, तिला नावं कशी ठेवणार?

आमच्या विहिरीवरची पेटी फुकटात मिळालेली. कंपनीत काम करणाऱ्यांच्या घरी साहेबांनी अशा पेट्या दिल्या होत्या, आणि काही नवीन केलं की आधी आमच्याच मोटरींवर करून बघायचं असं ठरलं होतं. ऑफिसात त्यांना चाचणीच्या मोटरी म्हणायचे. "आपल्याच माणसांच्या विहिरी, कोण तक्रार करणार," असं साहेब हसत म्हणाले आणि आम्हीही दात काढले. चाचणी घ्यायच्या आधी त्या घरी फोन करायचा, विहिरीवर कोणी नाही ना असं विचारायचं आणि मगच मोटर चालू करायची, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. लिहून मात्र कुठंच ठेवलं नव्हतं. तोंडपाठ गोष्ट कोण लिहितं?

पेटीला कुलूप असतं आणि फ्यूज त्या कुलपाच्या आत गेले. किल्ली आमच्या घरात, देवळीशेजारच्या खिळ्याला. विहिरीवर पोचल्यावर ती आठवायची आणि तेवढ्यासाठी परत यायचा नवऱ्याला कंटाळा. फोनवर 'बंद' दिसलं म्हणजे बंद, असं तो म्हणायला लागला. सासूबाई एक-दोनदा फणकारल्या, मग त्यांनीही बोलणं सोडून दिलं.

मी घोडेगावच्या ऑफिसात बसते. दोन एसट्या बदलून जाते. आधी नुसते तक्रारींचे फोन घ्यायचे. "मॅडम, मोटर चालू व्हईना," "मॅडम, मोटर बंद व्हईना," दिवसभर हेच. पण माझं शिक्षण कॉम्प्युटरचं, हे साहेबांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी आणखी एक लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर कोण काय चालवतंय त्यावर लक्ष ठेवायचं. त्यासाठी एक प्रोग्रॅम घेतला होता, स्वस्तातला. कोणी काही धोक्याचं केलं की माझ्या स्क्रीनवर तांबडी ओळ यायची. सगळं दिसायचं, पण हात घालता यायचा नाही. दुरून एखाद्या कॉम्प्युटरचं नेट तोडायचं बटण महागाच्या पॅकेजात होतं आणि साहेब म्हणाले, बघू पुढं.

त्याच सुमारास आमच्या इंजिनिअर लोकांनी एआय धरलं. गप्पा मारायचं ते नव्हे. हे कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत चालतं, जिथं चित्रं नसतात, नुसत्या ओळी. त्याला साध्या भाषेत सांगायचं, अमुक बिघडलंय, दुरुस्त कर. मग ते स्वतः फायली उघडतं, वाचतं, बदलतं, हुकूम सोडतं. फक्त प्रत्येक हुकमाच्या आधी थांबून विचारतं, करू का? आपण हो म्हटलं की करतं. पण त्यात अशीही एक सोय आहे की मला विचारत बसू नकोस, करून टाक. आमच्या ऑफिसात त्याला ऑटोच म्हणायचे, दुसरं काय म्हणणार.

कंपनीनं सांगितलं होतं, ऑटो वापरायचं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. तरी घाईच्या दिवसांत कोणी ना कोणी लावायचंच. मी फोन करून झाडायचे, समोरचा "सॉरी ताई" म्हणायचा, संपलं. मागं मला वनखातं म्हणायचे, ताई पिंजरा लावून बसल्यात म्हणून. म्हणोत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असा कारभार मला बघवत नाही.

आमचा एक इंजिनिअर घाटघरचा. नाणेघाटाच्या अंगाचं गाव, वर डोंगरात. फोनवरून मोटरीला हुकूम जातो तो प्रोग्रॅम त्याच्याकडं. हुशार माणूस, बोलायला मऊ. महिन्यातले निम्मे दिवस घरून काम करायचा, आणि त्याच्या घरात रेंज नव्हती. घरामागं बांधावर एक हिरड्याचं झाड आहे, त्याच्या एका फांदीवर तेवढी रेंज यायची. तर हा गडी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या फांदीला टांगायचा आणि त्या फोनचं नेट घरातल्या लॅपटॉपला घ्यायचा. ग्रुपवर फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, आमचा टॉवर. मीही हसले होते त्या फोटोला.

त्या दिवशी सकाळी मी एसटीला निघाले तेव्हा नवरा विहिरीकडून आला. म्हणाला, "केबलच्या जोडावरची टेप सुटलीय, जोड पाण्यात गेलाय. दुपारी उतरून बांधून घेतो." मी विचारलं, फ्यूज कोणाकडं देणार? आई तर आज नसतील. सासूबाई शेजारच्या वावरात कांदालागणीला सावडीनं जाणार होत्या, आज आपण त्यांच्यात, उद्या ते आपल्यात. नवरा हसला. "फोनवरनं बंद करतो की. तुझीच कंपनी हाय, तुझाच भरवसा न्हाई व्हय?" मी म्हटलं, थट्टा पुरे, किल्ली घेऊन जा. त्यानं मान डोलावली. नवऱ्याची मान कशी डोलते ते मला ठाऊक आहे.

दुपारी डबा उघडला आणि त्याचा मेसेज आला. "बंद केली. उतरतोय." ऑफिसात मी एकटीच होते, सर्व्हिसवाले फिरतीवर. पहिला घास घेतला तोच स्क्रीनवर तांबडी ओळ आली. घाटघरचा कॉम्प्युटर. एआय चालू, विचारणं बंद.

मी मनात म्हटलं, जेवून घेते आणि मग याची हजेरी घेते. तरी खालच्या ओळी वाचत राहिले, सवयच ती. त्याला काम दिलं होतं असं, की पहिल्या हुकमाला काही मोटरी चालू होत नाहीत, कारण शोध, दुरुस्त कर, आणि जमेपर्यंत तपासत राहा. ते फायली वाचत होतं. काहीतरी बदलत होतं. आधी कॉम्प्युटरातल्या खोट्या मोटरींवर करून बघितलं, त्यात दोष सापडेना. मग त्यानं इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा, की चाचणीसाठी खऱ्या मोटरी उपलब्ध दिसतात, त्यांच्यावर करून बघतो. करू का, ही ओळ मी शोधली. ती नव्हती.

पहिली मोटर आमच्याच एका सर्व्हिसवाल्याच्या रानातली. तिला हुकूम गेला, चालू. तिचं उत्तर आलं, चालू झाले. मग बंद. मग काहीतरी दुरुस्ती. मग दुसरी मोटर. ते कुठं धसमुसळं नव्हतं, चिडत नव्हतं. नीट, सभ्यपणे एकेक मोटर घेत खाली येत होतं. चाचणीच्या मोटरींच्या यादीत आमची शेवटची आहे. तिचा नंबर माझ्या हातानं मी पेटीवर चिकटवलाय.

घास तोंडात तसाच राहिला. त्या घटकेपर्यंत मी या कामाला नुसतं काम म्हणत होते. कोणी नियम मोडला, कोणाला झाडलं. माझ्या स्क्रीनवरची ओळ जाऊन कोणाच्या अंगाला लागू शकते हे मी कधी मनात आणलंच नव्हतं.

नवऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. उतरताना तो शर्ट काढून बाभळीला अडकवतो आणि फोन शर्टात असतो. सासूबाईंना लावला. त्यांचा फोन पिशवीत आणि पिशवी बांधावर, नाही उचलला. साहेबांना लावला, त्यांनी कापला आणि मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. मी लिहिलं, माणूस मरेल, फोन घ्या. तो मेसेज त्यांनी वाचलाच नाही. सगळे हुकूम ज्यातून जातात तो सर्व्हर पुण्यात, साहेबांच्या ताब्यात. सर्व्हर सोडला तर पेटी नवऱ्याच्या नंबरशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. वीज उपकेंद्राचा नंबर माझ्याकडं नव्हता. सगळीकडून हात बांधलेले आणि समोर ओळी खाली खाली चाललेल्या.

मग घाटघरवाल्याला लावला. वाजायला लागला, आणि मला तो फोटो आठवला. फोन झाडावर होता. तो घरात असला काय आणि नसला काय, बांधावरच्या हिरड्याला टांगलेला फोन त्याला कसा ऐकू जाणार? मी रडकुंडीला आले. त्याला, त्याच्या झाडाला, त्याच्या रेंजला शिव्या घातल्या, तोंडानं, मोठ्यानं, रिकाम्या ऑफिसात.

आणि माझ्या ध्यानात आलं की ओळी थांबल्यात.

फोन वाजून बंद पडला. थोड्या वेळानं ओळी पुन्हा सुरू झाल्या. मी परत लावला. परत थांबल्या. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, फोन आला की नेट जातं. मॅच बघताना कोणाचा फोन आला की सगळे त्या फोनवाल्याच्या नावानं खडे फोडतात. तिकडं झाडावर फोन वाजत होता तोवर लॅपटॉपला नेट मिळत नव्हतं, आणि नेट नाही तर एआयही मुकं. उचलायला कोणी नव्हतं तेच बरं झालं. मी नुसता वाजवत ठेवायचा होता.

पण लगेच दुसरी भीती आली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. माझ्या स्क्रीनवर ओळी येतात त्याही त्याच नेटवरून. मग काम थांबलंय, की मला दिसायचंच फक्त थांबलंय? मी कदाचित स्वतःचेच डोळे झाकून घेतले होते. फोन बंद पडला, मी श्वास धरून बसले, आणि रखडलेल्या ओळी एकदम आल्या. नेट नाही. पुन्हा प्रयत्न. नेट नाही. पुन्हा प्रयत्न. म्हणजे खरंच थांबलं होतं. मी लगेच पुन्हा लावला.

माझा फोन डाव्या हातात, घाटघर वाजतंय. ऑफिसचा तक्रारीचा फोन उजव्या हातात, सासूबाई. माझ्या फोनवर रिंग संपली की अंगठ्यानं पुन्हा दाबायचं. त्या मधल्या फटीत नेट परत यायचं आणि ते एक पाऊल पुढं सरकायचं. यादीतली आमच्या वरची मोटर झाली होती. आता आमचीच.

सासूबाईंनी उचलला. मागं बायकांचं हसणं. "काय गं, आज काम न्हाई का?"

"आई, यांना वर काढा. विहिरीतून. आत्ता."

मला वाटलं विचारतील, का, काय झालं. काही विचारलं नाही. फोन तसाच चालू राहिला आणि मला त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग चपलांचाही नाही, अनवाणी पायांचा. धाप. कुठंतरी कुत्रं भुंकलं. शेजारच्या वावरातून आमची विहीर लांब नाही, पण नव्या लावलेल्या कांद्याच्या चिखलातून त्या वयात पळायचं. मी इकडं अंगठा दाबत होते. वाजत होतं. रिंग संपली, दाबलं, वाजलं. रिंग संपली, दाबलं, आणि या वेळी वाजलं नाही. बाईचा आवाज आला, सर्व लाईन व्यस्त आहेत. मी दाबलं. पुन्हा ती बाई. मी दाबत राहिले, तिचं तेच चाललेलं, आणि स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या.

आमचा नंबर आला. चालू.

उजव्या कानात सासूबाई ओरडत होत्या, लेकाच्या नावानं. त्या कधी त्याचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. मग पेटीतला खटका पडल्याचा आवाज आला, खट्. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. आणि विहिरीवरच्या हौदात पाणी पडायला लागलं.

मी ऐकत होते. पाणी पडत होतं. सासूबाईंचा आवाज नव्हता, त्याचाही नव्हता, नुसतं पाणी. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मी देवाला काही मागितलं नाही, मला देव आठवलाच नाही. मला फक्त वाटत होतं, कोणीतरी बोला. शिवी द्या, पण बोला.

मग तो बोलला. दुरून, नेहमीच्या आवाजात. "अगं आई, काय झालं काय? आलो की वर. आन् मोटर कुणी चालू केली?"

मी टेबलावर डोकं टेकवलं आणि रडले. डब्यातली भाजी सांडली ती तशीच राहिली.

नंतर कळलं ते असं. सासूबाईंनी हाक मारली तेव्हा तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता आणि टेप सुटलेला जोड त्याच्या हातात होता. उघडी तार. आईचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता, त्याला वाटलं तिला साप चावला. जोड तसाच पाण्यात सोडून तो पायऱ्या चढून वर आला. आईजवळ पोचला आणि मागं खटका पडला. सासूबाईंना बोलवेना, त्या त्याचा दंड धरून खाली बसल्या. मोटर थोड्या वेळानं आपोआप बंद झाली, तिची चाचणी झाली होती. नवऱ्यानं वाकून पाण्यात बघितलं. बेडूक उलटे होऊन तरंगत होते, पांढरी पोटं वर. हे त्यानं मला संध्याकाळी सांगितलं. रात्री जेवला नाही.

घाटघरवाल्याचा फोन मला परतीच्या एसटीत आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, गाय व्यायली. कालवड झाली. दुपारपासनं गोठ्यातच व्हतो, अडली व्हती बिचारी. हे काय, एवढं मिस कॉल? नेट बी सारखं तुटत व्हतं, काम सावकाश झालं."

मी त्याला सांगितलं. शांतपणे सांगितलं, माझ्यात ओरडायचं बळ उरलं नव्हतं. तो म्हणाला, "ताई, पण आपण आधी घरी विचारतोच की."

"आपण विचारतो. त्याला कोणी सांगितलं विचारायला?"

"मी न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "मला वाटलं, हे कुणालाबी माहीत असतं."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीनं डोंगर उतरून आमच्या घरी आला. हातात कडीचा डबा, डब्यात गाईचा चीक. दारात उभा राहिला, आत येईना. नवरा त्याच्याकडं बघत राहिला आणि मग गोठ्याकडं निघून गेला. मला तर त्याच्या कानाखाली वाजवायची होती, खरं सांगते. सासूबाईंनी डबा घेतला. म्हणाल्या, "चीक हाय, परत पाठवू न्हाई. बस, पावणं." त्यांनी खरवस केला, सगळ्यांना वाढला. मी माझी ताटली झाकून ठेवली. घाटघरवालाही ताटली मांडीवर घेऊन नुसता बसला होता.

साहेबांनी पुढं बरंच काही केलं. चाचणीच्या मोटरी काढून टाकल्या. ऑटो आता कोणाच्याच कॉम्प्युटरवर लागत नाही. महागाचं पॅकेज आलं आणि माझ्या स्क्रीनवर तोडायचं बटण आलं. मला विचारलं, त्या माणसाचं काय करायचं, काढायचा का? मी म्हटलं, तुमच्या मीटिंगचं काय करायचं ते आधी सांगा. त्यावर ते विषय बदलून मोकळे झाले. तो माणूस अजून आहे. फोन अजून हिरड्यालाच टांगतो, करणार काय.

मी मात्र पहिल्यासारखी राहिले नाही. तांबडी ओळ आली की आधी बटण दाबते, आणि ज्यानं नियम मोडला त्याला झाडायच्या आधी घरी फोन लावते. विहिरीत कोण आहे? बहुतेक वेळा ओळीचा आणि विहिरीचा काडीचा संबंध नसतो, कोणीतरी हिशोबाची फाईल दुरुस्त करत असतो. नवरा वैतागतो. म्हणतो, कोण न्हाई, मी जेवतोय. तरी लावते.

केबलचा तो जोड पाण्यात तसाच राहिला होता. कधीतरी उतरून बांधायलाच हवा होता. रविवारी सकाळी नवऱ्यानं खिळ्यावरची किल्ली घेतली, पेटी उघडली, तिन्ही फ्यूज काढले. सवयीनं ते सासूबाईंकडं न्यायला लागला, तर त्या म्हणाल्या, "तिला दे." त्यानं माझ्या हातात दिले. थंड होते आणि वाटलं त्यापेक्षा जड होते. तो पायऱ्या उतरला. मी काठावर बसले, मूठ पोटाशी धरून. खाली पाण्यात त्याचं डोकं दिसत होतं आणि तो शीळ घालत होता, मला ऐकू यावी म्हणून. हौदाच्या तोंडाशी पाण्याचा टिपूस नव्हता. मी तरी तिकडंच बघत होते.

त्यानं जोड वर ओढून बांधला, वर आला, कपडे पिळले. "आण," म्हणाला आणि हात पुढं केला. मला मूठ उघडता येईना. मी उघडायला बघत होते, बोटंच ऐकेनात. तो हसला, आणि मग हसायचा थांबला. सासूबाई आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी माझं एकेक बोट सोडवलं. "वर आलाय गं तो," म्हणाल्या. "बघ, वर आलाय."